मशीनला हात कधी लावायचा? कागदाच्या दर्जामागचं संख्याशास्त्र

छपाईच्या कागदाच्या पुडक्यावर ‘८० जीएसएम’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ त्या कागदाचा एक चौरस मीटर तुकडा ८० ग्रॅम भरतो. ए-४ आकाराचं पान चौरस मीटरचा साधारण सोळावा भाग असतं, म्हणजे एक पान ५ ग्रॅमचं आणि ५०० पानांची रिम अडीच किलोची. पण त्याच रिममधली पानं एकेक करून अचूक तराजूवर ठेवली, तर नेमकं ५ ग्रॅम क्वचितच भरेल. एखादं थोडं कमी, एखादं थोडं जास्त. शिवाय शंभर पानं प्रिंटरमधून सुरळीत जातात आणि एकशे एकावं अडकतं किंवा कडेला गुंडाळी होऊन बाहेर येतं.

मग पुडक्यावरचा आकडा सांगतो तरी काय? तो सरासरी सांगतो. कागद वापरणाऱ्याला त्रास होतो तो सरासरीभोवतीच्या चढउतारामुळे. हा चढउतार कुठून आला, त्यातला कोणता कमी करता येतो आणि कोणत्याच्या मागे लागू नये, हे ओळखण्यासाठी कागद गिरण्यांमध्ये संख्याशास्त्र वापरलं जातं. नाव ऐकून बिचकायचं कारण नाही. यातल्या बहुतेक कल्पना शाळेतल्या गणितावर समजतात.

आधी कागद कसा बनतो ते पाहू

हेडबॉक्स नावाच्या पेटीतून लगदा धावत्या जाळीवर पडतो, तेव्हा त्यात तंतूंचं प्रमाण जेमतेम अर्धा ते एक टक्का असतं. बाकी जवळपास सगळं पाणीच. जाळीतून बरंचसं पाणी गळून जातं. मग ओला कागद फेल्ट नावाच्या जाड कापडी पट्ट्याबरोबर रुळांमध्ये दाबून पिळला जातो. शेवटी वाफेने तापवलेल्या सिलिंडरांवरून फिरताना उरलेलं पाणी उडतं आणि कागद रिळावर गुंडाळला जातो. त्या वेळी त्यात साधारण ५ ते ६ टक्के ओलावा शिल्लक असतो. मोठ्या मशीनवर हा कागद कित्येक मीटर रुंद असतो आणि मिनिटाला हजार मीटरपेक्षाही जास्त वेगाने धावतो.

या प्रवासात बदलायला जागा किती आहेत ते पाहा. लाकूड किंवा रद्दी दर खेपेला वेगळी असते. तंतू कुटणारा रिफायनर हळूहळू झिजतो. फेल्टची छिद्रं बुजत जातात. वाफेचा दाब हलतो. जाळीखाली गळलेलं पाणी, ज्याला गिरणीत बॅकवॉटर म्हणतात, ते पुन्हा लगद्यातच मिसळलं जातं, त्यामुळे सकाळी झालेला बदल दुपारपर्यंत त्या पाण्याबरोबर फिरत राहतो. अगदी एकसारखा कागद निघणं अशा परिस्थितीत शक्यच नसतं. म्हणून चढउतार आहे की नाही, यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. तो नेहमीचा आहे की नवा, हे मात्र विचारायला हवं.

नेहमीचा चढउतार आणि नवा चढउतार

हा फरक स्पष्टपणे मांडला तो वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने. टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करत असताना १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं. त्यात एक आलेख होता. तो आज जगभरच्या कारखान्यांत ‘कंट्रोल चार्ट’ म्हणून वापरला जातो.

शूहार्टचं म्हणणं असं. कोणत्याही प्रक्रियेत शेकडो बारीक कारणं एकाच वेळी काम करत असतात. त्यांच्यामुळे होणारा चढउतार त्या प्रक्रियेचा स्वभावच असतो. ही सामान्य कारणं. याखेरीज अधूनमधून काहीतरी वेगळं घडतं: व्हॉल्व्ह अडकतो, लगद्याची वेगळी खेप येते, सेन्सरवर धूळ बसते. ही विशेष कारणं. दोन्हींमुळे आकडा हलतो, पण त्यांच्यावरचे उपाय अगदी वेगळे असतात. विशेष कारण शोधून काढून टाकायचं असतं. सामान्य कारणांमुळे होणारा चढउतार कमी करायचा तर प्रक्रियाच बदलावी लागते. एखाद्या रिळाच्या आकड्यावरून त्या पाळीतल्या माणसाला जाब विचारून तो कमी होत नाही.

दोन्हींत फरक करण्यासाठी एकच आकडा लागतो, त्याचं नाव प्रमाण विचलन. मोजलेले आकडे सरासरीपासून साधारणपणे किती दूर भटकतात, हे तो सांगतो. समजा, गिरणीत दर रिळाचं सरासरी जीएसएम ८० च्या आसपास आहे आणि प्रमाण विचलन ०.४ आहे. कंट्रोल चार्टवर मधली रेघ ८० वर काढायची आणि दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर, म्हणजे ७८.८ आणि ८१.२ वर, दोन रेघा काढायच्या. प्रक्रिया नेहमीसारखी चालू असेल आणि आकडे घंटेच्या आकाराच्या ओळखीच्या वक्राप्रमाणे पसरत असतील, तर साधारण ३७० रिळांत एखादंच या रेघांबाहेर जाईल. म्हणून बाहेर गेलेला बिंदू दिसला की कारण शोधायला निघायचं. आत असलेला बिंदू, मग तो ७९.२ असो की ८०.९, त्यासाठी मशीनला हात लावायचा नाही.

सगळे बिंदू आत असूनही एक गोष्ट तपासली जाते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्याच १९५६ च्या मार्गदर्शिकेत नियम आहे: लागोपाठ आठ बिंदू मधल्या रेघेच्या एकाच बाजूला आले तर तोही इशारा समजावा. योगायोगाने सलग आठ बिंदू रेघेच्या वरच येण्याची शक्यता २५६ मध्ये एक असते. हळूहळू बुजणारा फेल्ट किंवा झिजत जाणारा रिफायनर असाच पकडला जातो. त्याच्यामुळे एकही रीळ मर्यादेबाहेर जात नाही, पण सगळा कल एका बाजूला सरकतो.

इथे एक गल्लत फार वेळा होते. ग्राहकाने करारात लिहिलेली मर्यादा आणि कंट्रोल चार्टवरची मर्यादा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून ग्राहकाला काय हवं आहे ते कळतं, दुसरीतून मशीन काय देऊ शकतं ते कळतं. चार्टवर ग्राहकाच्या रेघा काढल्या तर चार्ट मुका होतो. मशीनची मर्यादा ग्राहकाच्या मर्यादेपेक्षा रुंद असेल, तर ऑपरेटरने कितीही काळजी घेतली तरी काही माल नापास होणारच. ते मान्य करून प्रक्रियेत पैसा घालायचा की त्या ग्राहकाची ऑर्डर घ्यायचीच नाही, हा निर्णय व्यवस्थापनाचा असतो.

हात लावल्याने बिघडतं कसं?

न्हाणीघरात गरम आणि गार पाण्याचे दोन नळ असतात आणि शॉवरपर्यंत पाणी पोहोचायला काही सेकंद लागतात. पाणी गार वाटलं म्हणून आपण गरम नळ सोडतो. लगेच फरक पडत नाही म्हणून आणखी सोडतो. मग एकदम चटका बसतो, आपण घाईने नळ बंद करतो आणि पुन्हा गारठतो. टाकीतलं पाणी पहिल्यापासून ठीकच होतं, चढउतार आपल्या हाताने आणला.

कागदाच्या मशीनवर हेच मोठ्या प्रमाणात होतं. वजन आणि ओलावा मोजणारा सेन्सर मशीनच्या शेवटाला असतो, वजन ठरवणारा व्हॉल्व्ह सुरुवातीला. आत्ता हातात असलेला आकडा काही वेळापूर्वीच्या लगद्याचा असतो. रीळ ८०.५ आलं म्हणून व्हॉल्व्ह थोडा बंद केला, पुढचं ७९.३ आलं म्हणून पुन्हा उघडला, अशी दुरुस्ती चालू राहते. आणि ८०.५ हा आकडा नेहमीच्या चढउतारातलाच होता.

यामुळे किती नुकसान होतं याचं गणित मांडता येतं. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी नरसाळं आणि गोट्या वापरून ते प्रात्यक्षिकाने दाखवलं. प्रक्रिया स्थिर असेल, एकेक आकडा मागच्यापासून स्वतंत्र असेल आणि प्रत्येक आकड्यानंतर लक्ष्यापासूनच्या फरकाइतकी उलटी दुरुस्ती केली, तर प्रमाण विचलन सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतं. रात्रभर जागून, जबाबदारीने प्रत्येक आकड्याला प्रतिसाद देणारा ऑपरेटर कागद जास्त खराब करतो, आणि तो प्रामाणिकपणेच काम करत असतो. म्हणून मला कंट्रोल चार्टचं मोल वाटतं ते मुख्यतः तो ऑपरेटरला कधी थांबायचं ते सांगतो म्हणून.

याचा अर्थ दुरुस्ती कधीच करायची नाही असा नाही. जिथे लगद्याचं प्रमाण सावकाश एका दिशेने सरकत जातं, तिथे स्वयंचलित कंट्रोलर हवाच. पण मशीनमधला विलंब लक्षात घेऊन, फरकाचा ठरावीक हिस्साच दुरुस्त करेल असाच तो बसवावा लागतो.

चढउतार नेमका कुठे आहे?

आता थोड्या अवघड, पण सगळ्यात उपयोगी भागाकडे येऊ. कागद दोन दिशांना बदलतो. मशीन ज्या दिशेने धावतं त्या लांबीच्या दिशेने, म्हणजे काळाबरोबर. आणि डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, रुंदीच्या दिशेने. रुंदीतला फरक येतो तो हेडबॉक्सच्या ओठांमधली फट सगळीकडे सारखी नसल्यामुळे, रुळांचा दाब कडेला आणि मध्ये वेगळा असल्यामुळे किंवा ड्रायरमध्ये हवा सारखी खेळत नसल्यामुळे.

या दोन्हींची बेरीज करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. प्रमाण विचलनं थेट एकमेकांत मिळवता येत नाहीत. त्यांचे वर्ग मिळवावे लागतात. समजा, जीएसएमचं रुंदीतलं विचलन १.२ आहे आणि लांबीतलं ०.५. वर्ग झाले १.४४ आणि ०.२५, बेरीज १.६९, तिचं वर्गमूळ १.३. एकूण विचलन १.३.

आता गिरणीकडे सुधारणेसाठी पैसे आहेत, पण एकाच कामापुरते. लांबीतला चढउतार समजा पूर्णपणे घालवला, ०.५ चा शून्य केला. एकूण विचलन १.३ वरून १.२ होईल. एवढा खटाटोप करून ग्राहकाला फरक जाणवणारही नाही. त्याऐवजी रुंदीतलं विचलन निम्मं केलं, १.२ चं ०.६, तर एकूण विचलन ०.७८ वर येईल. जे मोठं आहे ते निम्मं केलं तर इतका फायदा आणि जे लहान आहे ते संपवूनही जवळपास काहीच नाही. मशीनवर सगळ्यात जास्त चर्चा मात्र लांबीतल्या चढउताराची होते, कारण पडद्यावर सतत वरखाली होणारी रेघ तीच असते. रुंदीतला फरक महिनोन्‌महिने तसाच असतो आणि डोळ्यांना त्याची सवय होते. म्हणून आधी चढउताराची फोड करायची आणि मग खर्चाचा विचार करायचा, हा क्रम कधी उलटू नये.

ही फोड लांबीच्या दिशेत आणखी बारीक करता येते. रिळातून मशीनच्या दिशेने एक लांब पट्टी कापून तिचं वजन थोड्या थोड्या अंतरावर मोजलं, तर दिसायला गोंधळाची वाटणारी रेघ ठरावीक लांबीच्या लाटांमध्ये वेगळी करता येते. या गणिताचं नाव फूरिये विश्लेषण. समजा, वजनात दर २ मीटरला एक उंचवटा दिसला. मशीन सेकंदाला २० मीटर धावत असेल, तर ही गोष्ट सेकंदाला १० वेळा घडते आहे. मग सेकंदाला १० फेरे, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे, कोणता भाग घेतो ते पाहायचं. हेडबॉक्सला लगदा पुरवणारा पंप तेवढ्याच वेगाने फिरत असेल, तर आधी त्याच्याकडे जायचं. कागदावरच्या लाटेवरून मशीनमधला एक विशिष्ट पंप सापडू शकतो, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

‘सेन्सर सगळंच मोजतो, मग अंदाज कशाला?’

हा आक्षेप हमखास येतो. उत्तर असं की सेन्सर सगळं मोजत नाही. मोजणारं डोकं कागदाच्या रुंदीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझाऱ्या घालत असतं. एका खेपेला समजा ३० सेकंद लागले आणि मशीन सेकंदाला २० मीटर धावत असेल, तर तेवढ्यात ६०० मीटर कागद पुढे निघून जातो. म्हणजे सेन्सर कागदावर एक लांबलचक तिरकी रेघ पाहतो. कागद ६ मीटर रुंद आणि मोजणीचा ठिपका २ सेंटिमीटरचा धरला, तर एकूण कागदाच्या साधारण तीनशेव्या भागाचीच मोजणी होते. शिवाय त्या तिरक्या रेघेवर आकडा बदलला, तर तो कागदाची जागा बदलल्यामुळे की वेळ पुढे गेल्यामुळे, हे एका खेपेत कळत नाही. अनेक खेपांची सरासरी काढून, दोन्ही भाग वेगळे करूनच ते समजतं. आकडे कितीही वेगाने येत असले तरी ते नमुनेच असतात आणि नमुन्यावरून निष्कर्ष काढणं हेच संख्याशास्त्राचं काम.

प्रयोगशाळेतला आकडा किती खरा?

ताकद, फाटण्याला विरोध, पाणी शोषण्याचं प्रमाण अशा चाचण्या धावत्या कागदावर करता येत नाहीत. त्यासाठी रिळातून तुकडे कापून प्रयोगशाळेत न्यावे लागतात. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि ओलाव्याबरोबर त्याची ताकद बदलते. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणीची खोली २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेवर ठेवायची असते आणि कागद आधी त्या हवेत स्थिरावू द्यायचा असतो. हे पाळलं नाही तर आपण कागदापेक्षा त्या दिवशीची हवाच जास्त मोजत असतो.

आणखी एक अडचण आहे. ताकदीच्या चाचणीत पट्टी तुटते. तीच पट्टी दुसऱ्यांदा तपासता येत नाही. मग दोन पट्ट्यांचे आकडे वेगळे आले, तर फरक कागदात आहे की यंत्रात की हाताळणाऱ्याच्या हातात? उपाय असा की एकाच जागचे पुष्कळ तुकडे कापून, ते सरमिसळ करून वेगवेगळ्या माणसांना आणि यंत्रांना वाटायचे आणि मग चढउताराची वर सांगितली तशी वर्गांनी फोड करायची. मोजणीतलाच चढउतार मोठा निघाला, तर आधी प्रयोगशाळा सुधारावी लागते. मोजणाऱ्या हातांचा फरक मशीनच्या माथी मारून कित्येक निर्णय घेतले जातात.

किती पट्ट्या तोडायच्या यालाही हिशेब आहे. सरासरीतली अनिश्चितता निम्मी करायची, तर दुप्पट नमुने पुरत नाहीत, चौपट लागतात. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे नमुने वाढवणं परवडत नाही.

काल १, आज ७: कुणाला रागवायचं?

धावता कागद मध्येच तुटणं ही मशीनवरची सर्वांत त्रासदायक घटना. उत्पादन थांबतं, तुटलेला कागद पुन्हा लगदा करायला जातो आणि गरम मशीनवर कागद परत चढवताना माणसांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून रोजच्या बैठकीत ‘काल किती वेळा तुटला’ हा प्रश्न पहिला असतो.

समजा, दिवसाला सरासरी ४ वेळा कागद तुटतो. अशा सुट्या, विखुरलेल्या घटनांसाठी जो गणिती नियम वापरतात, त्यात प्रमाण विचलन म्हणजे सरासरीचं वर्गमूळ, इथे २. वरची मर्यादा ४ अधिक २ च्या तिप्पट, म्हणजे १०. काहीही वेगळं घडलेलं नसताना ७ किंवा त्याहून जास्त वेळा कागद तुटण्याची शक्यता सुमारे ११ टक्के आहे, म्हणजे साधारण नऊ दिवसांतून एकदा. एकदाच तुटला किंवा अजिबात तुटला नाही, असंही जवळपास तितक्याच वेळा होतं. तरी सातच्या दिवशी पाळीतल्या लोकांना बोलणी बसतात आणि एकच्या दिवशी त्यांची पाठ थोपटली जाते. पुढच्या दिवशी आकडा सरासरीकडे सरकतोच आणि रागावल्याचा उपयोग झाला असं वरिष्ठांना वाटतं. माणसांवर होणारा हा अन्याय मला कागदाच्या नुकसानीइतकाच गंभीर वाटतो, आणि तो टाळायला एका वर्गमुळापेक्षा जास्त गणित लागत नाही.

४ ही सरासरीच मुळात खाली आणायची असेल, तर काही महिन्यांच्या नोंदी घ्याव्या लागतात. कागद मशीनवर कुठे तुटला, कोणत्या जीएसएमचा होता, फेल्ट किती दिवसांचा होता, कडेला तुटला की मध्ये. घटना एखाद्या खान्यात गोळा होताना दिसल्या की तिथे शोध घ्यायचा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी का?

शास्त्रीय प्रयोग म्हणजे बाकी सगळं तसंच ठेवून एक गोष्ट बदलणं, असं आपण शिकलेलो असतो. इंग्लंडमधल्या रॉथम्‌स्टेड शेती संशोधन केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की अनेक गोष्टी एकदम, पण आखणी करून बदलल्या तर जास्त कळतं. कागदासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

उदाहरणार्थ, कागद जास्त अपारदर्शक करण्यासाठी त्यात कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी घालतात. भुकटी तंतूंच्या मधे येते, म्हणून ताकद कमी होते. ती भरून काढायला तंतू जास्त कुटतात किंवा स्टार्च वाढवतात. जास्त कुटल्याने तंतू एकमेकांना घट्ट धरतात, पण लगद्यातून पाणी सावकाश गळतं आणि एका टप्प्यानंतर कागद सहज फाटू लागतो. इथे भुकटीचा परिणाम किती होईल, हे स्टार्च किती आहे त्यावर अवलंबून असू शकतं. एकेक गोष्ट बदलत गेलो तर हा परस्परसंबंध कधीच दिसत नाही. तिन्ही गोष्टींच्या प्रत्येकी दोन पातळ्या, कमी आणि जास्त, घेतल्या तर आठ जोडण्या होतात. आठही करून पाहिल्या की प्रत्येक गोष्टीचा परिणाम कळतो आणि त्यांचं आपसातलं नातंही.

या आठ जोडण्या चिठ्ठ्या टाकून आलेल्या क्रमाने कराव्यात. सकाळी कमी भुकटीच्या आणि दुपारी जास्तीच्या असा सोयीचा क्रम लावला, तर दुपारपर्यंत बदललेल्या बॅकवॉटरचा परिणाम भुकटीच्या नावावर जमा होईल.

‘चालू मशीनवर प्रयोग परवडत नाहीत’ हेही खरं आहे. त्यावर संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्स यांनी १९५७ मध्ये मार्ग सुचवला: माल नापास होणार नाही इतके लहान बदल करायचे आणि तेच पुन:पुन्हा करून आकडे साठवायचे. लहान बदलाचा परिणाम एका रिळात दिसत नाही, पण अनेक रिळांच्या सरासरीत तो वर येतो.

‘एवढा डेटा आहे, संगणकच कारण शोधेल’

हल्लीच्या मशीनवर शेकडो सेन्सर दर काही सेकंदांनी आकडे साठवतात. सगळा साठा संगणकाला दिला की कारणं आपोआप सापडतील, ही समजूत वाढते आहे. संगणकाची मदत खरोखर मोठी आहे, पण एक सापळा इथे नीट समजून घेण्यासारखा आहे.

कागदातला ओलावा वाढला की कंट्रोलर वाफेचा दाब वाढवतो, कमी झाला की दाब उतरवतो. आता साठलेल्या नोंदी पाहा. जेव्हा ओलावा जास्त तेव्हा वाफही जास्त. संगणक सरळपणे निष्कर्ष काढेल की वाफ वाढवली की कागद ओला होतो. कंट्रोलर अतिशय चांगला असेल, तर तो ओलावा सतत ५.५ वर धरून ठेवेल आणि वाफ मात्र खालीवर होत राहील. तेव्हा नोंदी सांगतील की वाफेचा ओलाव्याशी काही संबंधच नाही. दोन्ही निष्कर्ष चूक आहेत आणि डेटा मात्र पूर्ण खरा आहे. चूक आली ती वाफेचा आकडा कुणी मुद्दाम बदललेला नसून ओलाव्याला उत्तर म्हणून बदललेला होता, हे विसरल्यामुळे. अशा वेळी दहा लाख नोंदींपेक्षा आखून केलेले आठ प्रयोग जास्त शिकवतात.

दुसरा सापळा बॅकवॉटरचा. पाणी फिरत राहत असल्याने एका मिनिटाचा आकडा पुढच्या मिनिटाच्या आकड्यासारखाच असतो. वर सांगितलेलं कंट्रोल चार्टचं गणित मात्र आकडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतं. दर मिनिटाच्या आकड्यांवर तो चार्ट लावला आणि मर्यादा शेजारशेजारच्या आकड्यांमधल्या फरकावरून काढल्या, तर त्या फार अरुंद येतात. इशाऱ्यांचा भडिमार होतो आणि चार दिवसांत ऑपरेटर चार्टकडे पाहायचंच सोडतो. म्हणून पुरेसं अंतर ठेवून घेतलेले आकडे, उदाहरणार्थ दर रिळाची सरासरी, चार्टवर टाकलेले बरे.

चढउतार कमी झाल्याने पैसे कसे वाचतात?

दर्जासाठी खर्च होतो, हे सगळे मानतात. दर्जा सुधारल्याने खर्च कमी कसा होतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, कागदात ७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. ओलाव्याचं प्रमाण विचलन ०.८ असेल आणि मर्यादेपासून तिप्पट अंतर राखायचं असेल, तर लक्ष्य ४.६ टक्के ठेवावं लागतं. विचलन ०.४ वर आणलं तर लक्ष्य ५.८ ठेवता येतं. मर्यादा तीच, धोका तोच, पण कागद १.२ टक्क्यांनी कमी वाळवावा लागतो. वाफ वाचते आणि हजार टन कागदामागे १२ टन कमी तंतू आणि भुकटी लागते.

कुणी म्हणेल, हे तर पाणी विकणं झालं. मला तसं वाटत नाही. ग्राहकाला मान्य असलेल्या मर्यादेतच सगळं चाललं आहे आणि अतिवाळलेला कागद ग्राहकालाही नको असतो. तो ठिसूळ होतो, त्यात स्थिर विद्युतभार साठून पानं एकमेकांना चिकटतात आणि हवेतला ओलावा शोषून कडा वळतात. प्रिंटरमध्ये अडकणारं पान पुष्कळदा असंच असतं.

‘नापास माल बाजूला काढला की झालं’ हा मार्ग मात्र महाग आहे. नापास कागदाचा पुन्हा लगदा होतो, तंतू वाया जात नाहीत. पण तो वाळवायला वापरलेली वाफ गेली ती गेलीच. शिवाय एकदा वाळलेले तंतू परत भिजवले तरी पहिल्याइतके फुगत नाहीत, त्यामुळे त्यांची पकड कमी होते. तोच माल लगद्यात मिसळला की पुढच्या रिळात नवा चढउतार येतो.

‘अनुभवी माणसाला हे सगळं हातानेच कळतं’

कळतं, यात शंका नाही. कागद बोटांत धरून, झटकून, प्रकाशात पाहून जुनी माणसं जे सांगतात ते अनेकदा प्रयोगशाळेच्या आधी असतं. चार्टवरचा बिंदू बाहेर गेला की काहीतरी वेगळं घडलं आहे एवढंच चार्ट सांगतो. काय घडलं, हे ओळखायला हाच अनुभव लागतो. पण ८०.३ आणि ८०.६ मधला फरक खरा आहे की योगायोग, हे कोणाच्याही हाताला कळत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत आणि मशीनजवळ दोघेही हवेत.

म्हणून सुरुवात करायची तर महागडी प्रणाली घेण्याआधी मशीनशेजारी एक कागदी चार्ट लावावा. ग्राहकाची सर्वांत जास्त तक्रार ज्या गुणधर्माबद्दल आहे तो एकच निवडावा. पहिल्या २५ रिळांचे आकडे फक्त टाकत जावेत, त्यांवरून मधली रेघ आणि मर्यादा काढाव्यात. प्रत्येक बिंदूखाली त्या वेळी काय घडलं ते ऑपरेटरने स्वतःच्या हाताने लिहावं: लगद्याची नवी खेप, रिफायनरची पाती बदलली, वाफेचा दाब पडला. बिंदू बाहेर गेला तर कारणही तिथेच नोंदवावं. फेल्ट बदलला किंवा दुसऱ्या जीएसएमचा कागद सुरू झाला, की जुन्या मर्यादा लागू होत नाहीत; नव्या २५ रिळांवरून त्या पुन्हा काढाव्या लागतात.